पाटी कोरी करण्याचा इतिहास

जुन्या लॅपटॉपांच्या बाजारांत एक वाक्य वारंवार कानांवर येतें : “फॉरमॅट मारून, विंडोज टाकून मिळेल.” मोठ्या शहरांतील कचेऱ्यांतून कांहीं वर्षांच्या वापरानंतर गठ्ठ्यांनीं बाहेर पडलेलीं हीं यंत्रें मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमधील व्यापाऱ्यांच्या हातून जिल्ह्याच्या गांवीं जातात, आणि तेथून पुढें लोणारच्या सरोवराच्या उत्तरेस वसलेल्या सुलतानपूरसारख्या गांवांतील एखाद्या विद्यार्थ्याच्या, दुकानदाराच्या अगर सेवा केंद्र चालविणाराच्या हातीं लागतात. वरील वाक्य ऐकणारास त्यांत एकच क्रिया दिसते. वस्तुतः त्या दोन आहेत : एक पुसण्याची, दुसरी मांडण्याची. पहिलीनें जुन्या मालकाचें सारें कांहीं नाहींसें होतें अशी समजूत आहे. ती पुष्कळदां खोटी ठरते. दुसरीनें नव्या मालकाचें कांहींच जात नाहीं अशीहि समजूत आहे. ती मराठी लिहिणारांना फार महागांत पडलेली आहे. या दोन्ही समजुती कशा उत्पन्न झाल्या हें कळण्यास थोडें मागें जावें लागतें.

आरंभीं यंत्र आणि त्यावर टाकावयाची प्रणाली असा भेदच नव्हता. अमेरिकेंत १९४६ सालीं जगापुढें आलेल्या एनिॲक या प्रचंड गणनयंत्रास नवें काम सांगावयाचें म्हणजे तारा उपसून दुसऱ्या भोंकांत खोंवाव्या लागत. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत एतद्देशीयांनीं बांधलेलें यंत्र १९६० सालीं कामास लागलें. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. त्या पिढीच्या यंत्रांवर बसणारा गणितज्ञ आपलें काम आपल्याबरोबर घेऊन येई व तें उरकल्यावर यंत्र पुढच्या माणसासाठीं मोकळें करी. मधल्या वेळीं यंत्रावर कोणाचीच सत्ता नसे. या मोकळ्या वेळाचा खर्च फार येऊं लागला, तेव्हां १९५६ सालीं जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपन्यांतील मंडळींनीं आयबीएम ७०४ या यंत्रासाठीं एक कारभारी-कार्यक्रम लिहिला. एक काम संपतांच पुढचें काम यंत्रावर चढविणें एवढेंच त्याचें कर्तव्य होतें. आज जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तिचा हा आरंभ. कारभारी हा शब्द येथें मुद्दामच योजिला आहे. कारण कोणता कागद कोणत्या दप्तरांत आहे, कोणाला आंत घ्यावें व कोणाला दारांतच थांबवावें, हें सर्व तिलाच ठाऊक असतें, मालकाला नव्हे.

कारभारी वाड्यापासून वेगळा झाला तो बाजारामुळें. १९६९ सालीं आयबीएम कंपनीनें यंत्राची किंमत व कार्यक्रमांची किंमत निरनिराळी आकारण्याचें जाहीर केलें. १९८१ सालीं त्याच कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर निघाला तेव्हां त्याची प्रणाली एका दुसऱ्याच कंपनीकडून, मायक्रोसॉफ्टकडून, घेतलेली होती, आणि मायक्रोसॉफ्टनेंहि ती सिॲटल येथील एका तिसऱ्या कंपनीकडून विकत घेतली होती. त्या वेळीं ती फ्लॉपीवर राही. १९८३ सालच्या यंत्रांत दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, आणि प्रणाली व मालकाचे कागद एकाच तबकडीवर शेजारीं शेजारीं नांदूं लागले. जुन्या लॅपटॉपाची सारी गुंतागुंत या शेजारांतून निघालेली आहे.

आतां पुसण्याकडे वळूं. पंतोजींच्या शाळेंत मुलें धुळपाटीवर अक्षरें गिरवीत. फळीवर धूळ पसरावयाची, तींत अक्षर काढावयाचें, आणि हात फिरवला कीं अक्षर गेलें. पुसणें म्हणजे काय याची मराठी मनांतील कल्पना ही अशी आहे, आणि हार्ड डिस्कच्या बाबतींत ती सर्वस्वीं चुकीची आहे. डॉसच्या व्यवस्थेंत तबकडीच्या एका भागांत अनुक्रमणिका असे. फाइल काढून टाकण्याची आज्ञा दिली म्हणजे त्या अनुक्रमणिकेंतील तिच्या नांवाचें पहिलें अक्षर तेवढें बदलले जाई, व तिची जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाई. मजकूर होता तेथेंच असे. पुस्तकांतील प्रकरण न फाडतां अनुक्रमणिकेंतील एक ओळ खोडावी, असाच हा प्रकार. पीटर नॉर्टन नांवाच्या अमेरिकन कार्यक्रमकारानें हें ओळखलें आणि १९८२ सालीं गेलेल्या फाइली परत आणणारीं साधनें विकावयास काढलीं. त्यावर त्याचा मोठा धंदा उभा राहिला. १९९१ सालच्या डॉसच्या पांचव्या आवृत्तींत तर खुद्द मायक्रोसॉफ्टनेंच फाइल परत आणण्याची व फॉरमॅट उलटविण्याची अशा दोन आज्ञा घातल्या. जी क्रिया उलटवितां येते तिला पुसणें म्हणावें कीं काय, हा प्रश्न त्या वेळीं फारसा कोणीं विचारला नाहीं.

तो विचारला गेला २००३ सालीं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील सिम्सन गारफिंकेल व अभि शेलत या दोन विद्यार्थ्यांनीं जुन्या बाजारांतून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकीं १२९ चालू होत्या. खऱ्या अर्थानें कोऱ्या केलेल्या निघाल्या अवघ्या १२. इतरांपैकीं पुष्कळ डिस्कांवर पत्रें, वैद्यकीय टिपणें व हजारों क्रेडिट कार्डांचे क्रमांक सांपडले. एक डिस्क तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रांतून आलेली होती. यांतील अनेक डिस्का फॉरमॅट केलेल्याच होत्या. म्हणजे मालकांनीं निष्काळजीपणा केला होता असेंहि नाहीं. यंत्रानें ‘झालें’ म्हणून सांगितलें आणि त्यांनीं विश्वास ठेवला.

याच्या उलट टोंकाची भीतीहि याच सुमारास पसरली. १९९६ सालीं पीटर गटमन या संशोधकानें पस्तीस वेळां निरनिराळे आंकडे लिहून डिस्क पुसण्याची एक पद्धति सुचविली. ती त्या काळच्या निरनिराळ्या प्रकारच्या डिस्कांचा एकत्र विचार करून केलेली होती. परंतु लोकांनीं तिचें व्रत करून टाकलें. अलीकडच्या फिरत्या तबकडीवर सर्व जागीं एकदां नवें कांहीं लिहिलें कीं साधारण व्यवहारास तें पुरतें. नव्या लॅपटॉपांतील एसएसडी मात्र निराळ्या जातीची असते. तेथें कोणती नोंद प्रत्यक्ष कोणत्या कप्प्यांत ठेवावयाची हें डिस्क स्वतःच ठरविते, त्यामुळें वरून लिहिलेलें खालच्या जुन्या नोंदीवरच पडेल याची खात्री नसते. तिला तिच्याच पोटांतील पुसण्याची आज्ञा द्यावी लागते, किंवा पहिल्यापासून सारें सांकेतिक करून ठेवलें असल्यास किल्ली तेवढी नष्ट करावी लागते.

शिवाय एक गोष्ट अशी आहे कीं, जी डिस्क पुसूनहि जात नाहीं, कारण ती डिस्कवर नसतेच. कंपन्यांच्या लॅपटॉपांतील मूळ चिपेंत चोरीविरुद्धचा एक पहारेकरी बसविलेला असतो. सुरू असल्यास तो नव्या विंडोजमध्यें आपण होऊन पुन्हां प्रकट होतो. २०१७ पासून मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेंत यंत्राची नोंद कंपनीच्या नांवें दूरच्या सर्व्हरवर ठेवतां येते. असा लॅपटॉप कितीहि वेळां कोरा करा, नवी प्रणाली पहिल्यांदा जाळ्यास जोडतांच तो जुन्या कंपनीचें नांव दाखवितो व तिचाच परवलीचा शब्द मागतो. सुलतानपूरच्या गिऱ्हाइकानें पैसे मोजण्यापूर्वीं दुकानांतच नवी विंडोज टाकवून, इंटरनेट जोडून, पहिला पडदा पार होतो कीं नाहीं हें पाहावें, तें यासाठीं. टाकलेली विंडोज परवान्याची आहे कीं नाहीं हेंहि तेथेंच विचारावें. २००१ सालच्या एक्स्पीपासून ती कंपनीकडे नोंदवावी लागूं लागली, तरी चोरटी प्रत टाकून देण्याचा प्रघात कांहीं संपला नाहीं. आणि १९९४ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइटच्या कायद्यांत अशी प्रत जाणूनबुजून वापरणाराहि गुन्हेगार ठरतो, केवळ विकणारा नव्हे. २०१२ नंतरच्या पुष्कळ यंत्रांत परवान्याचा क्रमांक चिपेंतच असल्यामुळें चोरीची गरजहि उरलेली नाहीं, ही गोष्ट दुकानदारांनाच कित्येकदां ठाऊक नसते.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याहि भाषेच्या मनुष्यास लागू आहे. यापुढची मराठीची, व तिच्या भगिनीभाषांची, स्वतःची आहे.

संगणकावर देवनागरी आणण्याच्या आरंभींच्या प्रयत्नांतील मोठें काम कानपूरच्या आयआयटींत झालें. ऐंशीच्या दशकांत तेथें मोहन तांबे व त्यांचे सहकारी यांनीं सिद्ध केलेलें तंत्र ‘जिस्ट’ या नांवानें पुण्यास, १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेंत आलें. जिस्टचें कार्ड डॉसच्या यंत्रांत बसविलें कीं पडद्यावर मराठी उमटे. त्यामागील विचार मोठा शहाणपणाचा होता. अक्षराची ओळख निराळी आणि त्याचें रूप निराळें. यंत्रानें ओळख जतन करावी, रूप हवें तें द्यावें. ‘क’ हा ‘क’ म्हणूनच नोंदवावा, मग तो कोणत्याहि वळणानें छापला जावो. या नोंदीचा संकेत ‘इस्की’ या नांवानें १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून जाहीर झाला.

व्यवहारांत हा मार्ग मागें पडला. नव्वदीच्या दशकांतील विंडोजला इस्की कळत नसे, आणि लग्नपत्रिका, स्मरणिका व साप्ताहिकें छापणाऱ्या मंडळींना सुंदर वळणाचीं अक्षरें तर ताबडतोब हवीं होतीं. त्यावर उपाय निघाला तो हिकमतीचा खरा, पण फसवा. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरी अक्षरांचे तुकडे नेऊन बसविले. श्री-लिपि, आकृति, कृतिदेव, शिवाजी, खुद्द सी-डॅकच्या आयएसएम या पॅकेजांतील योगेश व सुरेख, हे सर्व फॉन्ट याच वंशाचे. आणि घरांची वांटणी प्रत्येकाची निराळी. कृतिदेवमध्यें ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर पडद्यावर मराठी दिसतें, परंतु यंत्राच्या लेखीं तीं इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशीं पांच अक्षरें असतात. यंत्रास मराठी येतच नव्हतें. इंग्रजीला देवनागरीचा मुखवटा चढविलेला होता, आणि त्या मुखवट्याच्या बळावर महाराष्ट्रांतील शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती व छापखाने पंधरा-वीस वर्षें आपलें लेखन करीत राहिले.

आतां फॉरमॅट मारणाऱ्या कारागिराचें काम पाहावें. आपल्याकडे हार्ड डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करण्याची रीत आहे. सीमध्यें विंडोज, डीमध्यें मालकाच्या फाइली. व्हायरस शिरला, यंत्र मंदावलें, कीं कारागीर सी पुसतो, डीला हात लावीत नाहीं, आणि “तुमचा डेटा जसाच्या तसा आहे” असें खुशाल सांगतो. तो खोटें बोलत नाहीं. पण फॉन्ट हे विंडोजच्या पोटांत, म्हणजे सीमध्यें असतात. यंत्र घरीं येतें, संस्थेचा पंधरा वर्षांपूर्वींचा वार्षिक अहवाल उघडला जातो, आणि त्यांत इंग्रजी अक्षरांचा, तारकाचिन्हांचा व अर्धविरामांचा नुसता रतीब दिसतो. फाइल बिघडली असें समजून ती पुढें कोणीतरी काढून टाकतें. तिच्यांतील एकहि अक्षर हाललेलें नसतें. तिची किल्ली तेवढी सीबरोबर गेलेली असते. असल्या कांहीं पॅकेजांना प्रिंटरच्या जागीं लावावयाचें एक कुलूपहि असे. पुढें लॅपटॉपांतून ती जागाच नाहींशी झाली, आणि कुलूप जपून ठेवणारांच्या हातींहि कांहीं राहिलें नाहीं.

महाराष्ट्रास हा अनुभव पहिल्यानें आला असें नाहीं. मोडी लिपि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून व कचेऱ्यांतून उठली. दप्तरें जागच्या जागीं राहिलीं, कागद शाबूत राहिले, पण नातवाला आजोबांच्या हातचें खरेदीखत वाचतां येईना. तेथें निदान अक्षर कागदावर दिसत होतें आणि शिकून घेतां येत होतें. मोडी वाचणारे तज्ज्ञ आजहि आहेत. फॉन्टच्या कोड्यांत पडलेला मजकूर मात्र मराठी आहे हेंच पाहणाराला कळत नाहीं, हा त्यांतला विशेष दुर्दैवाचा भाग.

या घोटाळ्यांतून बाहेर काढणारा युनिकोड हा जागतिक संकेत १९९१ सालींच निघाला होता, आणि त्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. म्हणजे पुण्यास मागें पडलेला विचार परदेशांतून फिरून परत आला. विंडोजमध्यें तो देवनागरीसाठीं आला २००० सालच्या आवृत्तींत. तिच्याबरोबरचा ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी कवि-सुलेखनकाराच्या हातचा. परंतु पुढच्या वर्षींच्या एक्स्पीमध्यें देवनागरी जागी करण्यास एक खूण करावी लागे, आणि ती केली कीं यंत्र मूळ सीडी मागे. जुन्या यंत्राबरोबर मूळ सीडी कोण देतो? अशा यंत्रांवर मराठी संकेतस्थळें तुटक्या मात्रांचीं, वेलांट्या भलत्याच जागीं पडलेलीं दिसत, आणि लोक दोष देत तो युनिकोडला. २००७ च्या व्हिस्टापासून ही अट गेली. मराठीचा ‘ॲ’ हें अक्षर तर २००८ सालीं युनिकोडांत स्वतंत्र रूपानें दाखल झालें. त्यापूर्वींच्या फॉन्टांना तें ठाऊक नाहीं, म्हणून जुन्या प्रणालीवर त्याच्या जागीं रिकामी चौकट दिसते. तेव्हां जुन्या यंत्रावर नवी प्रणाली टाकणें ही मराठीपुरती केवळ हौस नाहीं.

ती प्रणाली विंडोजच असली पाहिजे असेंहि नाहीं. फिनलंडमधील लिनस टॉरवॉल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा लिहिला व रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं आरंभिलेल्या मुक्त प्रणालीच्या खटपटीशीं त्याची सांगड बसली. २००५ पासून कांहीं वर्षें उबुंटूच्या सीड्या मागेल त्याला टपालानें फुकट येत. खेड्यांतील पत्त्यावरहि येत. मुंबईस जुहूच्या एनसीएसटी या संस्थेनें लिनक्सवर भारतीय लिप्या दिसाव्या म्हणून ‘इंडिक्स’ तयार केलें, रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं ‘लोहित’ फॉन्टांच्या मालिकेस आरंभ करून ते मुक्त केले, आणि २००७ सालीं सी-डॅकच्या चेन्नईच्या शाखेनें ‘बॉस’ नांवाची प्रणाली काढली. त्याच वर्षीं रायगड जिल्ह्यांत कर्जतजवळील खैराट येथील शाळेंत ‘मुलामागें एक लॅपटॉप’ या योजनेचा भारतांतील पहिला प्रयोग सुरू झाला. त्या छोट्या लॅपटॉपांवर लिनक्सच होतें, आणि चार ठराविक कळा दाबून धरून यंत्र सुरू केलें कीं तें पेनड्राइव्हवरून आपली प्रणाली आपणच नव्यानें मांडून घेई. लेंकरांच्या हातीं द्यावयाचें यंत्र असें केव्हांहि कोरें करतां आलें पाहिजे, हें त्याच्या रचनाकारांनीं आरंभींच गृहीत धरलें होतें.

विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीला मात्र मुदत आहे. एक्स्पीची ८ एप्रिल २०१४ रोजीं, सातव्या आवृत्तीची १४ जानेवारी २०२० रोजीं आणि दहाव्या आवृत्तीची १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं भरली. अकरावीला यंत्रांत टीपीएम नांवाच्या सुरक्षा-व्यवस्थेची दुसरी आवृत्ति व अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळें कचेऱ्यांतून सुस्थितींतील पुष्कळशीं यंत्रें बाहेर पडतात आणि सुलतानपूरच्या वाटेला लागतात. अशा यंत्रावर लिनक्स आनंदानें चालतें. अगदीं जुन्या, ३२ बिटांच्या यंत्रांसाठीं मात्र तोहि दरवाजा मिटत आला आहे. डेबियनसारख्या दीर्घायुषी प्रणालीनेंहि २०२५ च्या आवृत्तीपासून त्यांवर ती नव्यानें मांडण्याची सोय काढून घेतली.

तेव्हां घरांतील किंवा संस्थेंतील जुनें यंत्र पुसावयास देण्यापूर्वीं, तें अजून सुरू होत आहे तोंवर, विंडोजच्या फॉन्टांचें कपाट उघडून त्यांतील सर्व मराठी फॉन्ट पेनड्राइव्हवर काढून घ्यावे. पॅकेजाचें नांव व आवृत्ति वहींत टिपून ठेवावी. महत्त्वाचे मजकूर उघडून त्यांची पीडीएफ करावी, म्हणजे दिसतें तें निदान तसेंच राहील. त्यानंतर रूपांतर करणाऱ्या साधनानें तेच मजकूर युनिकोडांत आणावे, आणि मूळ प्रतीशीं ताडून पाहावे; कारण ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र, रफार व जोडाक्षरें येथें हीं साधनें हटकून चुकतात, आणि प्रत्येक फॉन्टाला साधन निराळें लागतें. हें काम कंटाळवाणें आहे. एका पतसंस्थेच्या दहा वर्षांच्या अहवालांना कित्येक दिवस लागतील. फॉरमॅटाला अर्धा तास लागतो.

मग डिस्क पूर्ण पुसावी व नवी प्रणाली मांडावी. मांडतांना ती भाषा विचारते, तेथें यादींत पुष्कळदां मराठी असतें. कळफलक विचारते, तेथें ‘इन्स्क्रिप्ट’ असतो. हा कळफलक ऐंशीच्या दशकांत सरकारनें ठरविलेला. स्वर व मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनें उजव्या हाताकडे, आणि इंग्रजी के या कळेवर ‘क’. जिस्ट कार्डावर तोच होता, विंडोज २००० मध्यें तोच आला, लिनक्सवरहि तोच आहे. १९९० च्या सुमारास डॉसच्या काळ्या पडद्यावर तो शिकलेल्या टंकलेखकास आज या नव्या यंत्रापुढें बसविलें, तर त्याच्या बोटांना नवें कांहींच शिकावें लागत नाहीं.